बत्तीस इंचांचं दार

भिंगरीच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. तसा मी पत्रांच्या बाबतीत आळशी नाही. पुस्तकांच्या दुकानदाराने यादी पाठवली तरी मी पोच लिहितो. पण ते एक पत्र राहिलं, आणि राहिलं म्हणजे दीड वर्ष राहिलं. समोर धरायची गरज नाही, पाठ आहे.

‘दादा, महिनाअखेर मी निवृत्त होते आणि त्याच दिवशी क्वार्टर सोडायचं आहे. नवी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली सायकल लावायलाही जागा नाही. माझी गाडी तुझ्या पुढच्या खोलीत राहील का? रस्त्यावर ठेवली तर सडेल. दर रविवारी येऊन मी तिला चालवून आणीन, पुसून ठेवीन, तुला काही करावं लागणार नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि मग आठवडाभर पस्तावतोस. होय किंवा नाही, दोन ओळी टाक. – भिंगरी.’

भिंगरी माझी धाकटी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. एका जागी बसत नसे म्हणून लहानपणी पडलेलं हे नाव. ती गुरांची डॉक्टर झाली, तिच्या सहीखाली शिक्का उमटू लागला, तरी आमच्यासाठी ती भिंगरीच राहिली. एकतीस वर्षं ती त्याच मोटारसायकलवरून लांबलांबच्या गोठ्यांत गेली. मागे औषधांची पेटी बांधलेली, पायात रबरी बूट. गाडी काळी, अवजड, दोनशे किलोंच्या वरची. अडलेल्या गाईसाठी तिला कुठूनही बोलावणं आलं, की ती गाडी रस्ता नसलेल्या ठिकाणीही पोचायची. जिथे जीप रुतली तिथे ही पोचली, असं तिच्या खात्यातली माणसं सांगत. मी त्या गाडीवर मागे एकदाच बसलो आणि उतरल्यावर माझा चष्मा खिशात होता की नाकावर, हेही मला सांगता येईना.

मी अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं आणि त्यातली चूक शोधायची. मला काही लिहिता येईल असं मला कधी वाटलं नाही, आणि हे लिहितानाही वाटत नाही. लग्न केलं नाही. कुणी आग्रहही केला नाही. आईवडील गेल्यावर तळमजल्यावरचं घर माझ्याकडे राहिलं. पुढची खोली, मधली बोळकांडी, स्वयंपाकघर, मागे धुणं धुवायची मोरी. वरचा मजला दुसऱ्यांचा. भिंगरीने घरावर कधी हक्क सांगितला नाही. ‘मला कुठे घर लागतं, मला शेड लागते,’ असं म्हणायची. तीच शेड ती आता मागत होती.

पत्र आलं त्याच दिवशी मी कामाला लागलो. हे खरं आहे, आणि माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

वाचनालयातून त्या गाडीची माहितीपुस्तिका मिळवली. शेवटच्या पानावर मापं होती. लांबी सात फूट तीन इंच, हँडलच्या टोकापासून टोकापर्यंत रुंदी पस्तीस इंच. रद्दी वर्तमानपत्रं चिकटवून त्या मापाची एक कागदी गाडी मी कापून काढली. शिंपी बेतणीचा कागद कापतो तशी. मग ती घरभर पसरून पाहू लागलो. मोरीशेजारी पसरली तर नळाचं पाणी उडणार, गंज चढणार. बोळकांडीत पसरली तर वरच्या मजल्याची जायची-यायची वाट अडणार. स्वयंपाकघरात शेगडी, आणि गाडीच्या पोटात पेट्रोल. जिन्याखाली डोकं आपटणार. प्रत्येक जागेची नोंद मी एका वहीत केली आणि पुढे त्रुटी लिहिली. त्रुटी सापडली की मला फार बरं वाटे. सवयच ती.

राहिली पुढची खोली. तिच्या चारही भिंतींना पुस्तकांची कपाटं आहेत. भिंती संपल्या तेव्हा पाचवं कपाट मी खोलीच्या मधोमध उभं केलं, दारातून आत आलं की समोर येईल असं. त्या कपाटात मी तपासलेली पुस्तकं आहेत, प्रत्येकाची एक प्रत, वर्षवार. एकाही पुस्तकावर माझं नाव नाही. ते कपाट धरलं तर कागदी गाडीचा पुढचा अर्धा भाग कपाटाखाली जात होता. शिवाय दार बत्तीस इंचांचं. पस्तीस आणि बत्तीस. मी वहीत हे दोन आकडे लिहिले आणि खाली रेघ मारली.

तरीही मी समोरच्या सुताराला बोलावलं. दार तीन इंच रुंद होईल का, हे विचारायला.

‘का हो काका?’ तो चौकटीवर बोट वाजवत म्हणाला. ‘जाड झालात की काय?’

‘गाडी आत घ्यायचीय.’

‘कुठली?’

मी जमिनीवर बोट दाखवलं. त्याने कागदावर पाय पडू नये म्हणून टांग वर उचलली, तशीच अधांतरी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

‘ही होय? मग दार कशाला फोडता? घडी घाला आणि ठेवा कपाटात.’

मी सगळं समजावून सांगितलं. भिंगरीला तो ओळखत होता. तिने त्याच्या शेळीचा पाय एकदा रस्त्यातच बांधून दिला होता. त्यामुळे त्याने थट्टा बंद केली, फूटपट्टी काढली, दार मापलं आणि म्हणाला, ‘चौकटीला हात लावायला नको. वरचा भार आहे तिच्यावर. पण गरज काय? हँडल वळवून तिरकी घातली तर जाईल की.’

‘पुस्तकात पस्तीस दिलंय.’

‘पुस्तकात सरळ उभ्या गाडीचं माप असणार. आपण काय हात पसरून दारातून जातो का?’

त्याने पाचव्या कपाटाला थाप मारली.

‘अडचण दाराची नाहीच. ही अडचण. हे हलवा, ट्रक राहील.’

‘ते हलत नाही.’

‘कपाट आहे काका ते, खांब नव्हे.’

त्यानंतर मी सुताराचा सल्ला घेतला नाही. त्याने आपली शेडही देऊ केली होती. पण तिथे भुसा आणि लाकडाच्या ढलप्या, एक ठिणगी पुरे. तीही त्रुटी वहीत गेली. दोन आठवडे सरले. उत्तराचे मसुदे मी रोज लिहीत होतो. ‘जागा शोधतो आहे’ असा पहिला होता. अर्धवट उत्तर कशाला पाठवायचं म्हणून ठेवला. ‘मागच्या बाजूला पत्र्याची छपरी घातल्यास’ असा दुसरा होता. त्यातलं ‘घातल्यास’ मला पटलं नाही. घालणार कोण? पाचवा मसुदा इतका स्वच्छ झाला की त्यात काय म्हणायचं आहे हेच दिसेना.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे वडील कुणाला तोंडावर नाही म्हणत नसत. नाही म्हणायचं असलं की ते ‘बघू’ म्हणत. आणि हो म्हणायचं असलं की काहीच बोलत नसत. आईला हे पक्कं ठाऊक होतं. सहलीला जायचं आहे असं मी म्हणालो आणि वडील गप्प राहिले, की ती माझी पिशवी भरायला घ्यायची. ‘बघू’ आलं की पिशवी परत खुंटीला. आम्ही दोघं भावंडं याच भाषेत वाढलो. पुढे मोठे झालो तरी आपसात तेच चालू राहिलं. भिंगरी मला काही विचारायची, मी गप्प राहायचो आणि ती ते ठरलं असं धरून चालायची.

माझ्या गप्प राहण्याचा ती काय अर्थ लावील, हे मला सुचलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सुचलं होतं. पण मी शोधतो आहे ना, वही भरते आहे ना, असं स्वतःला सांगत मी तो विचार बाजूला सारत होतो. ‘बघू’ एवढा एक शब्द कार्डावर लिहून टाकला असता तरी काम झालं असतं. तिला कळलं असतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. मी खिडकीशी गेलो. भिंगरी हेल्मेट काढत होती. केस पांढरे, आखूड कापलेले, तोंडभर हसू. मागे पेटीच्या जागी निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ खोक्यासकट बांधलं होतं.

‘दादा, आलो रे आम्ही दोघी!’

मी दार उघडलं. समोरून सुतार फळी घेऊन धावतच आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

‘डॉक्टरताई, पायरीला फळी लावतो. तुम्ही फक्त वळवा, मी मागून रेटतो.’

‘रेटू नका हो, ती रागावते. नुसता हात ठेवा.’

तिने इंजिन बंद केलं, आरसे आत वळवले, हँडल पार डावीकडे फिरवलं. आधी एक टोक आत आलं, मग तिने हँडल उलट फिरवलं आणि दुसरं आत आलं. लहानपणी ती कुंपणाच्या फटीतून अशीच जायची, एक खांदा आधी, मग दुसरा. पस्तीस इंचांची गाडी माझ्या बत्तीस इंचांच्या दारातून चौकटीला न घासता आत आली. आणि पुढचं चाक पाचव्या कपाटावर जाऊन थबकलं. वरच्या कप्प्यात काहीतरी कलंडलं.

गाडी निम्मी आत, निम्मी फळीवर. खोलीत गरम तेलाचा वास भरला. भिंगरीने खाली पाहिलं. तिच्या चाकाखाली कागदी गाडी होती.

‘हे काय रे?’

‘माप,’ मी म्हणालो.

ती पाहत राहिली, मग खदखदून हसली. ‘अगं बाई, दादा! तू तर हिचा फ्रॉकच बेतलायस. बघा सुतारदादा, आणि मी म्हणत होते याला माझं पत्र तरी मिळालं की नाही.’

तिला वाटलं मी इतके दिवस तिच्या गाडीची तयारी करत होतो. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं. मी मान खाली घातली. तेही मी लाजून केलं असं तिला वाटलं असणार.

‘चला, हे कपाट भिंतीकडे घेऊ. सुतारदादा, तुम्ही त्या टोकाला.’

मी पुढे होऊन कपाटाच्या मुठीवर हात ठेवला.

‘आधी पुस्तकं काढावी लागतील. क्रम लावलाय.’

‘क्रमानं काढते. क्रमानं लावून देते.’

‘वेळ लागेल त्याला.’

‘मला काय, आजपासून वेळच वेळ आहे.’

‘आज नको.’

‘मग कधी म्हणतोस?’

‘बघू,’ मी म्हणालो.

सुताराला त्या शब्दात काही विशेष ऐकू आलं नाही. ‘बघू काय त्यात काका, अर्ध्या तासाचं तर काम,’ असं म्हणत तो कपाटाला हात घालायलाही आला. पण भिंगरीचं हसू जागच्या जागी थांबलं होतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मुठीवरच्या हाताकडे पाहिलं.

‘राहू द्या सुतारदादा,’ ती म्हणाली. ‘मागं घेऊ.’

मागे घेताना एकदा हँडलचं टोक चौकटीला लागलं आणि रंगाचा टवका उडाला. ती ‘सॉरी’ म्हणाली. मला म्हणाली ती, माझ्याच घराच्या दाराबद्दल, परक्या माणसाला म्हणावं तसं.

‘चहा घेतेस का?’ मी विचारलं.

‘नको. उजेड आहे तोवर पोचते.’

तिने हेल्मेट घातलं, घड्याळाची दोरी एकदा ताणून पाहिली आणि किक मारली. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत सुतार रस्त्यात उभा होता. मी उंबऱ्याच्या आत.

तासाभराने सुतार आपल्या मेहुण्याला घेऊन परत आला. मला काही न विचारता दोघांनी पाचव्या कपाटातली पुस्तकं कप्प्याकप्प्याने माझ्या पलंगावर रचली, कपाट उचललं, बोळकांडीच्या तोंडाशी भिंतीला लावलं, पुस्तकं पुन्हा भरली. क्रम एका ठिकाणी चुकला, तो मी नंतर सुधारला. पुरता अर्धा तासही लागला नाही. खोली एकदम एवढी मोठी झाली की आमचा आवाज वेगळा वाटायला लागला. सुताराने चाकाचा डाग पडलेली कागदी गाडी झटकून मधोमध पसरली. चारही बाजूंनी माणूस फिरेल एवढी जागा उरली होती.

‘लावा फोन आता त्यांना,’ तो म्हणाला. ‘पोचल्या असतील. उद्या सकाळी म्हणावं या.’

‘लावतो,’ मी म्हणालो.

ते गेले. फोन खिडकीत होता. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि काय बोलायचं त्याची जुळवाजुळव केली. जुळवाजुळव चांगली झाली होती. पण नंबर फिरवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावून ते कपाट होतं तिथे परत लावून घेतलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘मग परवा सरकवलं ते कुणासाठी?’

‘बोळकांडीतला उजेड अडतोय,’ मी म्हणालो.

बोळकांडीत उजेड कधीच येत नाही. त्याने आणि मेहुण्याने कपाट जागेवर लावलं. त्या दिवसापासून तो मला साहेब म्हणतो. ‘साहेब, नमस्कार,’ ‘साहेब, पाणी आलं का.’ काका म्हणणं त्याने सोडून दिलं.

त्यानंतर भिंगरीचं पत्र आलं नाही. फोन दोनदा आला. एकदा वाढदिवसाला आणि एकदा आमच्या आत्याची सून गेल्याचं कळवायला. गाडीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. ती कुठे ठेवली आहेस, एवढं साधं मला विचारता आलं असतं. मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

दीड वर्षाने तिने सकाळी फोन केला.

‘परवा गाडी जाणार. बघायची असली तर ये.’

‘कुठे जाणार?’

‘भंगारात, आणखी कुठे.’

मी गेलो. तिची इमारत मी पहिल्यांदाच पाहत होतो. समोरच्या पदपथाला लागून, गटाराच्या कडेला, विजेच्या खांबाला साखळीने बांधलेली ती गाडी होती. ताडपत्री बाजूला काढून ठेवली होती आणि तिलाच दोन मोठी भोकं होती. टाकी खालून कुजली होती. सीटच्या आत उंदरांनी घर केलं होतं, स्पंज बाहेर लोंबत होता. एक आरसा नव्हता. भिंगरी ठेंगण्या स्टुलावर बसून पाना घेऊन नटबोल्ट सोडवत होती.

‘तू का सोडवतेस?’ मी म्हणालो. ‘तो येणारच आहे ना न्यायला?’

‘तो हातोड्यानं तोडेल. सरक जरा, उजेड अडतोय.’

मी सरकलो. तिच्या बोटांना गंज लागला होता. पायाखाली एका डबीत ती एकेक नट टाकत होती, जणू ते परत लावायचे आहेत.

‘इथे ठेवायला नको होती,’ मी म्हणालो. असलं वाक्य मीच बोलू शकतो.

‘हो का?’ तिने वर न बघता विचारलं. ‘मग कुठे ठेवायची होती?’

मी ताडपत्रीची घडी करू लागलो.

‘हेडमास्तरांची शेड होती,’ ती म्हणाली. ‘आमच्या दवाखान्यामागची. पक्की, कोरडी, कुलपाची. त्यांची मोटार गेली तेव्हापासून रिकामीच. ते म्हणाले, डॉक्टर, तुमची गाडी इथे राहू दे, पण महिनाअखेरपर्यंत सांगा, दुसरा एक जण मागतोय. मी त्यांना म्हटलं, नको, माझं दादाकडे ठरलंय.’

‘ठरलं कुठे होतं?’

‘तू नाही कुठे म्हणालास?’

‘मी हो पण म्हणालो नव्हतो.’

आता तिने वर पाहिलं. ‘दादा, आपल्या घरात हो कोण म्हणतं रे? मी वीस दिवस रोज पेटी उघडून बघत होते. बघूचं कार्ड आलं नाही. आलं असतं तर दुसऱ्याच दिवशी मी हेडमास्तरांना हो सांगून आले असते.’

‘नंतर विचारायचं त्यांना.’

‘विचारलं. त्याच संध्याकाळी, तुझ्याकडून निघाले ती थेट तिथेच गेले. दुसऱ्याची गाडी आत लागली होती. सकाळीच आणून ठेवली होती त्यानं.’

तिने पाना पुन्हा लावला. नट निघेना. मी खाली वाकून पान्याच्या मागच्या टोकाला हात लावला. तिने हात काढून घेतला नाही, पण जोर लावणं थांबवलं. मी एकटाच ओढत राहिलो, आणि माझ्याने तो तसूभर हलला नाही.

‘सोड,’ ती म्हणाली. ‘उलटा फिरवतोयस.’

भंगारवाला टेम्पो घेऊन आला. तो आणि त्याचा भाऊ असे दोघे होते. त्यांनी साखळी काढली आणि गाडी फळीवरून वर ओढली. ती चढताना भिंगरीने मागून नुसता हात ठेवला. टेम्पो गेल्यावर पदपथावर गाडीच्या लांबीएवढा कोरडा, काळपट पट्टा राहिला. भिंगरी तिथे उभी राहून हात पुसत होती. एवढ्या वर्षांत मी तिला इतका वेळ एका जागी उभी पाहिली नव्हती.

‘तुझ्या कपाटातली पुस्तकं बरी आहेत ना?’ तिने विचारलं.

‘बरी आहेत.’

‘छान.’ मग ती म्हणाली, ‘मला गाडीचं तसं फार नाही वाटत आता. जुनी होती. माझेही गुडघे गेलेत. पण होय किंवा नाही, एवढंच विचारलं होतं रे मी. दोन ओळी. तेवढंही माझ्या वाट्याला आलं नाही.’

ती जिना चढून गेली. वर ये, असं म्हणाली नाही. मी थोडा वेळ खाली थांबलो आणि परत निघालो.

घरी आल्यावर मी लिहायला बसलो. आठ दिवस लागले. पहिल्या सहा दिवसांत जे लिहिलं त्यात दाराचं माप होतं, वरच्या मजल्याचा भार होता, माझी प्रकृती होती. सगळं खरं होतं आणि सगळं फाडलं. सातव्या दिवशी काहीच लिहिलं नाही. आठव्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, हे लिहिलं:

‘भिंगरी, तू होय किंवा नाही विचारलं होतंस. उत्तर नाही असं होतं. पत्र आलं त्याच दिवशी ते मला माहीत होतं. दार अडत नव्हतं, खोलीही अडत नव्हती. तू गेल्यावर सुताराने कपाट सरकवून दाखवलं, अर्ध्या तासात गाडीपुरती जागा झाली. तिसऱ्या दिवशी मी कपाट परत आणून लावलं. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो.

तुझी गाडी सुरू होताना ऐकायला बाबा गल्लीच्या तोंडापर्यंत यायचे. चपला घालायच्या राहिल्या तरी यायचे. मी अडतीस वर्षं त्याच गल्लीतून कामाला गेलो, मला बघायला ते कधी बाहेर आले नाहीत. गाडी पुढच्या खोलीत आली असती तर मला रोज तिच्यासमोर बसावं लागलं असतं. आणि रविवारी तू आली असतीस, सुतार आला असता, गल्ली जमली असती, आणि मी माझ्याच घरात चहा करत फिरलो असतो. मला ते नको होतं. एवढंच कारण आहे. मोठं काही नाही.

नाही म्हणालो असतो तर गाडी आज हेडमास्तरांच्या शेडमध्ये असती. नाही म्हणण्याइतका वाईटपणाही मला घ्यायचा नव्हता. तू रागावू नकोस असं लिहिणार होतो, पण ते तुझं तू ठरव. याचं उत्तर दिलं नाहीस तर मी त्याचा हो असा अर्थ लावणार नाही. – दादा.’

पत्ता घातला, तिकीट लावलं. सुतार आपल्या दाराशी रंधा घासत होता. ‘साहेब, सकाळीच?’ त्याने विचारलं. ‘टपाल टाकायचंय,’ मी म्हणालो. तो पुन्हा रंध्याकडे वळला.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीची झडप घट्ट आहे, बोटं आत घालून पाकीट ढकलावं लागतं. मी ढकललं. आत पडल्याचा आवाज आला. तरी मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो, झडप एकदा उचलून आत हात पोचतो का ते पाहिलं, आणि पोचत नाही याची खात्री झाल्यावर घरी आलो.